काखेत कळसा, गावाला वळसा : संगणकातील लायब्ऱ्यांच्या शोधाचा इतिहास

लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम मूळ कोडपासून तयार करायला बसलेल्या माणसाला हमखास भेटणारा निरोप एका ओळीचा असतो : अमुक लायब्ररी सापडत नाही. ती लायब्ररी बहुधा त्याने पाच मिनिटांपूर्वीच बसवलेली असते. ती डिस्कवर असते, तिचे नाव बरोबर असते, आणि तरीही कंपायलर रिकाम्या हाताने परत येतो. मराठीत या अवस्थेला काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. संगणकाच्या जगात या वळशाला पंचाहत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातील बहुतेक वळणे कोणत्या ना कोणत्या तात्कालिक अडचणीपायी घेतली गेली आहेत. हा धागा त्या वळणांचा. तो २०२४ मधील एका टिंबापाशी येऊन थांबतो. मात्र घाई असलेल्यांनीही थेट शेवटाकडे जाऊ नये. मधला प्रवास ठाऊक नसेल तर ते टिंब केवळ टिंबच दिसेल.

आरंभ केंब्रिजमध्ये होतो. ६ मे १९४९ रोजी तेथील विद्यापीठाच्या गणित प्रयोगशाळेत ‘एडसॅक’ या यंत्राने आपला पहिला प्रोग्रॅम चालवला. मॉरिस विल्क्स हे प्रकल्पाचे प्रमुख होते आणि डेव्हिड व्हीलर हे त्यांचे बावीस वर्षांचे संशोधक विद्यार्थी. यंत्राची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत होती आणि आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आत जात. वर्गमूळ काढणे, कोज्या काढणे, उत्तर छापणे ही कामे प्रत्येक गणितात लागत. दर वेळी ती नव्याने लिहायची म्हणजे दर वेळी नव्या चुका करायच्या. तेव्हा असे ठरले की हे तुकडे एकदाच नीट लिहावेत, तपासावेत आणि पट्ट्यांच्या रूपाने कपाटात ठेवावेत. ज्याला कोज्या हवी असेल त्याने कपाटातून ती पट्टी काढायची, यंत्राच्या साहाय्याने तिची नक्कल आपल्या पट्टीवर उतरवायची आणि मूळ पट्टी जागेवर ठेवून द्यायची.

‘लायब्ररी’ हा शब्द येथे रूपक म्हणून आलेला नाही. खरे कपाट होते, खरी सूची होती आणि विषयवार अक्षरे होती : त्रिकोणमितीसाठी टी, छपाईसाठी पी, संकलनासाठी क्यू. १९५१ पर्यंत या संग्रहात ८७ उपप्रोग्रॅम जमा झाले होते. त्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी या पद्धतीवर पुस्तक काढले. प्रोग्रॅमिंगवरील अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते.

येथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्या सरमिसळीतून होतो. पहिला प्रश्न : हवा असलेला तुकडा ठेवला आहे कोठे? दुसरा प्रश्न : तो आणल्यावर यंत्राच्या स्मृतीत बसवायचा कोठे? एखादा उपप्रोग्रॅम शंभराव्या घरापासून बसेल असे धरून लिहिला आणि प्रत्यक्षात दोनशेव्या घरापासून बसवला, तर त्यातील सगळे अंतर्गत पत्ते चुकतात. हा दुसरा प्रश्न व्हीलर यांनी सप्टेंबर १९४९ मध्येच सोडवला. पट्टी वाचत असतानाच पत्ते दुरुस्त करणारी, अवघ्या ४१ आज्ञांची एक आरंभिक मालिका त्यांनी रचली. पहिला प्रश्न मात्र त्या खोलीत कोणाला पडलाच नाही. कपाट एकच होते, आणि शोधणारा माणूस होता.

बुद्धीला आव्हान देणारा प्रश्न पहिल्याच वर्षी सुटावा आणि वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न तीन पिढ्यांना पुरावा, हा या इतिहासातील सर्वांत मौजेचा विरोधाभास आहे.

माणसाचे हे शोधण्याचे काम यंत्राकडे सोपवण्याचा पहिला ठळक प्रयत्न अमेरिकेत झाला. युनिव्हॅक यंत्रावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर यांनी १९५१–५२ मध्ये ‘ए-शून्य’ नावाची प्रणाली तयार केली. प्रत्येक उपप्रोग्रॅमला एक क्रमांक दिलेला असे आणि ते सगळे चुंबकीय फितीवर साठवलेले असत. प्रोग्रॅमरने फक्त क्रमांक आणि आवश्यक ती मूल्ये लिहायची. फितीवरून तुकडे शोधणे, उचलणे आणि जोडणे हे यंत्राचे काम. या कृतीला हॉपर यांनी ‘कंपाइल’ म्हणजे संकलन करणे हे क्रियापद वापरले. आज कंपायलर म्हटले की भाषांतर करणारा प्रोग्रॅम डोळ्यांपुढे येतो. पण शब्दाचा जन्म भाषांतरातून झालेला नाही, तो वेचून एकत्र करण्यातून झाला आहे. ए-शून्य जे करीत असे त्याला आजच्या भाषेत लिंकर म्हणावे लागेल. ‘कंपाइल करताना लायब्ररी सापडत नाही’ ही आजची तक्रार हॉपर यांना शब्दशः ‘संकलन करता येत नाही, कारण संकलन करता येत नाही’ अशी ऐकू आली असती.

आता १९६५ कडे. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून ‘मल्टिक्स’ ही महत्त्वाकांक्षी प्रणाली हाती घेतली. तिच्यात प्रोग्रॅमचे तुकडे आधी जोडून ठेवण्याची गरजच नव्हती. प्रोग्रॅम चालत असताना एखाद्या तुकड्याचे नाव प्रथमच पुढे आले की प्रणाली थबके, ठरलेल्या क्रमाने काही डिरेक्टऱ्या धुंडाळी, तुकडा सापडला की जोडून घेई आणि पुढे जाई. या क्रमाला ‘शोधनियम’ म्हणत आणि वापरणाऱ्याला ते बदलता येत. कोठे शोधायचे हे प्रोग्रॅममध्ये लिहून न ठेवता बाहेर एका यादीत ठेवायचे, ही कल्पना येथे पूर्ण विकसित स्वरूपात दिसते. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळा या प्रकल्पातून बाहेर पडली. तेथून परतलेल्यांपैकी केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी एका लहानशा यंत्रावर युनिक्स उभारायला सुरुवात केली. येताना त्यांनी झाडासारख्या फांद्या फुटणारी डिरेक्टरींची रचना बरोबर आणली. चालता चालता जोडण्याची सोय मात्र मागेच राहिली. लहान यंत्रात ती परवडणारी नव्हती. युनिक्सच्या जगात ती परत रुजायला जवळपास दोन दशके लागली.

यंत्र किती लहान, हे आकड्यांत पाहिले पाहिजे. युनिक्सच्या पहिल्या पीडीपी-११ यंत्रात २४ किलोबाइट स्मृती होती. त्यातील १६ प्रणालीसाठी आणि ८ वापरणाऱ्यांच्या प्रोग्रॅमसाठी. डिस्क ५१२ किलोबाइटची. आजच्या फोनने काढलेले एक साधे छायाचित्रही त्या डिस्कवर बहुधा मावणार नाही. या चणचणीतूनच पुढची रचना घडली.

युनिक्समध्ये ‘/यूएसआर’ नावाची एक डिरेक्टरी आहे. लायब्ऱ्या कोठे असतात, या प्रश्नाचे उत्तर आजही बहुधा याच नावाने सुरू होते. या तीन-चार अक्षरांचा ‘युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’ असा भारदस्त विस्तार अनेक जण छातीठोकपणे सांगतात. तो नंतर चिकटवलेला आहे. अक्षरांचा अर्थ सरळ होता : यूजर, म्हणजे वापरणारे. त्या डिरेक्टरीत माणसांची घरे होती. थॉम्प्सन यांचे ‘/यूएसआर/केन’ आणि रिची यांचे ‘/यूएसआर/डीएमआर’.

मग माणसांच्या घरात लायब्ऱ्या कशा शिरल्या? येथे समकालीन साधन उपलब्ध आहे. रिची आणि थॉम्प्सन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युनिक्सवरील लेखात आपल्या यंत्राची मांडणी दिली आहे. प्रणालीचे मूळ एका लहान, वेगवान, स्थिर डिस्कवर होते आणि वापरणाऱ्यांच्या फाइली असलेली मोठी डिस्क यंत्र सुरू होताना नंतर जोडली जाई. प्रोग्रॅम वाढले, लहान डिस्क भरली, तेव्हा उरलेले सामान मोठ्या डिस्कवर गेले. ‘/बिन’ मध्ये न मावलेले प्रोग्रॅम ‘/यूएसआर/बिन’ मध्ये आणि ‘/लिब’ मध्ये न मावलेल्या लायब्ऱ्या ‘/यूएसआर/लिब’ मध्ये. जागा न उरल्याने सामान ओसरीवर ठेवावे, तसा हा प्रकार होता. एक बंधन तेवढे होते : मोठी डिस्क जोडण्याचा प्रोग्रॅम स्वतः लहान डिस्कवरच असला पाहिजे, नाही तर किल्ली कुलपाच्या आत राहायची.

ही हकिकत अलीकडच्या काळात प्रसिद्ध झाली ती रॉब लँडली या प्रोग्रॅमरने २०१० मध्ये लिहिलेल्या एका पत्रामुळे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते पत्र वाचताना सावध असावे. कथेचा गाभा समकालीन लेखाशी जुळतो, पण पत्रात डिस्क सुमारे दीड मेगाबाइटची सांगितली आहे, तर १९७४ च्या लेखात सुट्या करता येणाऱ्या लहान डिस्कचा आकार अडीच मेगाबाइट दिला आहे. चाळीस वर्षांनंतरची आठवण आणि त्या काळचा कागद यांत तफावत पडली तर कागद धरावा, हा बखरींना लावला जाणारा नियम संगणकाच्या इतिहासालाही लागतो. पत्रातील महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे आणि तो पटण्याजोगा आहे. डिस्क मोठ्या झाल्या, अडचण संपली, पण विभागणी राहिली, आणि नंतरच्या लोकांनी तिला तात्त्विक कारणे शोधली. ‘/लिब’ मध्ये अत्यावश्यक, ‘/यूएसआर/लिब’ मध्ये ऐच्छिक. हे तत्त्व पाठ्यपुस्तकांत शिकवले गेले. मुळात प्रश्न मावण्याचा होता.

जानेवारी १९७९ मध्ये बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीची लिंकरविषयीची पुस्तिका पाहिली तर त्या दोन डिस्क अक्षरशः दिसतात. ‘-एल’ आणि त्याला जोडून एक नाव लिहिले की लिंकर ‘/लिब’ मध्ये त्या नावाची लायब्ररी पाहतो. तेथे नसेल तर ‘/यूएसआर/लिब’ मध्ये. आधी लहान डिस्क, मग मोठी. गणिती क्रियांसाठी आजही विद्यार्थी ‘-एलएम’ असे जे घोकतात, ते या नियमाचे अपत्य : नावाच्या पुढे ‘लिब’ आणि मागे ‘.ए’ हे प्रत्यय लिंकरने स्वतः लावायचे.

त्याच पुस्तिकेत आणखी एक इशारा आहे. लायब्ररीचे नाव जेथे येईल तेथेच ती शोधली जाते, म्हणून तिची जागा महत्त्वाची. लिंकर फाइली डावीकडून उजवीकडे एकदाच पाहत जातो. प्रोग्रॅमला कोज्या हवी आहे हे कळण्याआधीच गणिताची लायब्ररी येऊन गेली, तर त्या क्षणी कोणी काही मागितलेले नसते. लिंकर त्यातून काहीच घेत नाही आणि पुढे मागणी आली की हात वर करतो. आठ किलोबाइटच्या युगात सगळ्या याद्या स्मृतीत धरून पुन्हा मागे वळणे परवडत नसे, म्हणून हा एकमार्गी प्रवास. आजच्या यंत्राची स्मृती तेव्हाच्या लाखो पट आहे, तरी युनिक्स घराण्यातील रूढ लिंकर साध्या लायब्ऱ्यांच्या बाबतीत ही शिस्त अजून पाळतात. लायब्ररी डोळ्यांसमोर असूनही न सापडण्याचे हे सर्वांत चकवणारे कारण : वस्तू आहे, पत्ता बरोबर आहे, फक्त प्रश्न विचारण्याची वेळ चुकली.

शिवाय शोधणारा एक नाही, तीन आहेत. पहिला हेडर फाइली शोधतो. लायब्ररीत काय काय आहे याचे वर्णन या फाइलींत असते आणि त्या ‘/यूएसआर/इन्क्लूड’ मध्ये राहतात. दुसरी फाइल आत घेण्याची ही सोय सी भाषेत १९७२–७३ च्या सुमारास आली. दुसरा शोधणारा म्हणजे लिंकर, जो प्रत्यक्ष लायब्ररी जोडतो. तिसरा पुढे १९८० च्या दशकात आला. सन कंपनीच्या सनओएस ४.० या १९८८ च्या आवृत्तीने सामायिक लायब्ऱ्या आणल्या : लायब्ररीची नक्कल प्रत्येक प्रोग्रॅममध्ये कोंबण्याऐवजी ती एकदाच डिस्कवर ठेवायची आणि प्रोग्रॅम सुरू होताना जोडून घ्यायची. मल्टिक्सने केलेली गोष्ट मागील दाराने परत आली. पण तिच्याबरोबर प्रोग्रॅम सुरू करताना लायब्ररी शोधणारा लोडरही आला आणि त्याची स्वतःची वेगळी यादी आली. या तिघांच्या याद्या एकमेकांशी बांधलेल्या नाहीत. प्रोग्रॅम कंपाइल होतो, लिंक होतो आणि चालवायला गेले की लायब्ररी सापडत नाही म्हणतो. या नित्याच्या अनुभवाचे मूळ येथे आहे. दप्तरखान्यात सूची एका कारकुनाकडे, रुमाल दुसऱ्याकडे आणि कपाटाची किल्ली तिसऱ्याकडे असावी, असे काहीसे.

१९८० चे दशक युनिक्सच्या फाटाफुटीचे. बर्कलीची एक शाखा, एटी अँड टीची दुसरी, आणि त्यांवरून सन, एचपी, डिजिटल, आयबीएम यांनी काढलेल्या आपापल्या आवृत्त्या. प्रत्येकाची लायब्ररी वेगळ्या जागी. कोठे एखादे फलन एका लायब्ररीत, कोठे दुसऱ्या, कोठे मुळीच नाही. एकच प्रोग्रॅम दहा ठिकाणी चालवायचा तर लेखकाने दहा नकाशे पाठ करायचे. ते अशक्य होते आणि कंपन्या नकाशे दर वर्षी बदलत होत्या.

यातून सुटका करणारी कल्पना लॅरी वॉल यांची म्हणता येईल. पर्ल भाषेचे जनक म्हणून ते नंतर ओळखले गेले, पण त्याआधी १९८४ मध्ये त्यांनी बातम्या वाचण्याचा ‘आरएन’ हा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यासोबत ‘कॉन्फिगर’ नावाची एक पूर्वतपासणी करणारी फाइल दिली. ती आधी यंत्राची झडती घेई, काय कोठे आहे ते पाही, न समजल्यास विचारी आणि मग प्रोग्रॅम त्या यंत्राजोगा बेतून घेई. तिच्यात विनोदही होता : ‘यूनिस’ ही युनिक्सची एक त्रासदायक नक्कल यंत्रावर नाही असे आढळले की ती वापरणाऱ्याचे अभिनंदन करी.

ही कल्पना यंत्रवत केली डेव्हिड मॅकेंझी यांनी. ग्नू प्रकल्पातील अनेक लहान प्रोग्रॅमांची देखभाल त्यांच्याकडे होती आणि प्रत्येकासाठी अशी तपासणी हाताने लिहिणे त्यांना नकोसे झाले. १९९१ मध्ये त्यांनी ‘ऑटोकॉन्फ’ हाती घेतले आणि पुढच्या वर्षी त्याची पहिली आवृत्ती आली. तिची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. हे यंत्र कोणत्या कंपनीचे, प्रणाली कोणती, आवृत्ती कितवी, असे ती विचारत नाही. अमुक फलन उपलब्ध आहे का हे पाहायचे असेल तर ती चार-सहा ओळींचा एक इवलासा प्रोग्रॅम लिहिते, त्यात ते फलन वापरते आणि तो कंपाइल करून पाहते. कंपाइल झाला तर ‘आहे’, न झाला तर ‘नाही’. मग तो प्रोग्रॅम पुसून टाकते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. पडद्यावर शेकडो ओळी सरकतात : हे तपासत आहे, होय; ते तपासत आहे, नाही. नकाशावर विश्वास न ठेवता प्रत्येक दार स्वतः ठोठावून पाहायचे, असा हा सरळ अनुभववाद होता, आणि त्या काळच्या गोंधळात दुसरे काही टिकण्याजोगे नव्हते. पुढे काहींनी या पद्धतीची यथेच्छ टिंगल केली. ती करणाऱ्यांनी १९९१ सालचे एखादे विद्यापीठाचे संगणक केंद्र, त्यातील पाच कंपन्यांची पाच यंत्रे आणि ती सांभाळणारा एकटा माणूस डोळ्यांपुढे आणावा.

किंमत मात्र मोजावी लागली. ऑटोकॉन्फला दिलेल्या सूचना ‘एम४’ या १९७७ च्या, कर्निगन आणि रिची यांच्या भाषेत असतात. त्यातून निपजणारी तपासणी हजारो ओळींची असते. ती कोणी लिहीत नाही, म्हणून कोणी वाचतही नाही. या गोष्टीकडे धाग्याच्या शेवटी परत यायचे आहे.

मधला काळ थोडक्यात. लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांनी फाइली मन मानेल तेथे ठेवू नयेत म्हणून फेब्रुवारी १९९४ मध्ये डॅनियल क्विनलन यांच्या पुढाकाराने एक मानक आले; तेच पुढे एफएचएस झाले. ‘/यूएसआर/लोकल’ ही जागा स्वतः बसवलेल्या गोष्टींसाठी ठरली. ऑटोकॉन्फही तीच जागा गृहीत धरते, पण काही प्रणालींवर लोडरच्या यादीत ती नसते. म्हणून ‘आत्ताच बसवली आणि सापडत नाही’ हा अनुभव घरोघरी. २००० च्या आसपास ‘पीकेजी-कॉन्फिग’ने बाजू उलटवली : शोधणाऱ्याने अंदाज बांधण्याऐवजी प्रत्येक लायब्ररीनेच ‘माझ्या हेडर फाइली येथे, मी येथे, मला या इतर लायब्ऱ्या लागतात’ अशी चिठ्ठी ‘.पीसी’ फाइलीच्या रूपाने ठेवायची. उत्तम तोडगा, फक्त आता ती चिठ्ठी कोठे आहे हे सांगावे लागते आणि त्यासाठी आणखी एक यादी आली. सीमेक हे साधनही २००० चेच. एका वैद्यकीय प्रतिमांच्या प्रकल्पासाठी ते किटवेअर कंपनीत जन्मले आणि प्रत्येक लायब्ररी कशी शोधावी याची लहान लहान टिपणे त्याने जमा केली. २००३ च्या सुमारास एल्को डोल्स्ट्रा यांनी सुरू केलेल्या ‘निक्स’ने ‘/यूएसआर’च मोडीत काढली : प्रत्येक लायब्ररी तिच्या घटकांवरून काढलेल्या लांबलचक संकेतांकाच्या डिरेक्टरीत, आणि प्रत्येक प्रोग्रॅमला तो संकेतांक तोंडपाठ. शोधायचेच नाही. तत्त्व म्हणून हे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे, पण बहुसंख्य जग अजून जुन्याच पत्त्यावर राहते.

त्या जुन्या पत्त्याचे पुढे काय झाले? मे २०१२ मध्ये फेडोरा १७ ने ‘/लिब’ आणि ‘/यूएसआर/लिब’ एक केले. ‘/लिब’ हे आता केवळ दिशादर्शक पाटी म्हणून उरले. पाटी पाहून जाणारा ‘/यूएसआर/लिब’ मध्येच पोहोचतो. डेबियनने हे एकत्रीकरण २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत सर्वांना लागू केले. मधली अकरा वर्षे वादांत गेली, आणि त्या वादांत विभागणीच्या बाजूने जी तत्त्वे हिरिरीने मांडली गेली, ती वाचताना ती भरलेली डिस्क आठवल्यावाचून राहत नाही. बाजूला काढून ठेवलेले सामान घराच्या मुख्य दालनात आले आणि मूळ दालनाची पाटी झाली. ॲपलने २०१८ च्या मोहावी आवृत्तीत तर ‘/यूएसआर/इन्क्लूड’ बसवणेच थांबवले आणि तो पत्ता गृहीत धरणारे कित्येक जुने प्रोग्रॅम कंपाइल होईनात.

आता टिंब.

‘एक्सझेड’ हे फाइली आकसून लहान करणारे साधन जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. अनेक वर्षे लासे कॉलिन हे एकटेच, विनामोबदला, त्याची देखभाल करीत होते. २०२१ च्या सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने वावरणारी एक व्यक्ती मदतीला आली. दोन-अडीच वर्षे नेटके काम करून तिने विश्वास संपादन केला आणि सहदेखभालकर्त्याचे अधिकार मिळवले. २०२४ च्या आरंभी निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत तिने चोरदरवाजा बसवला. काही वितरणांत यंत्राचे दूरस्थ प्रवेशद्वार सांभाळणारा ‘एसएसएचडी’ हा प्रोग्रॅम अप्रत्यक्षपणे एक्सझेडची लायब्ररी उचलतो. त्या साखळीतून आत शिरण्याचा हा बेत होता.

मूळ कोडमध्ये हा दरवाजा दिसत नव्हता. तो दडवला होता बांधणीच्या तपासणीत, ‘एम४’ भाषेतील एका फाइलीत, आणि तीही फक्त वाटपासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात. सर्वांना दिसणाऱ्या संग्रहात ती नव्हती. प्रणाली लिनक्स आहे का, कंपायलर आणि लिंकर अपेक्षित आहेत का, डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचे पॅकेज बांधले जात आहे का, हे ती पाही. उत्तर होकारार्थी असेल तर चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या बिघडलेल्या वाटणाऱ्या फाइलींतून घातक तुकडा बाहेर काढी आणि लायब्ररीत जोडून देई. तीस वर्षे यंत्राची झडती घेणारी ही यंत्रणा इतकी सवयीची झाली होती की तिच्यात आणखी एक प्रश्न विचारला जात आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

ते उघडकीस आले अँड्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे हे अभियंता डेबियनच्या विकासाधीन आवृत्तीवर वेगाची मोजणी करीत होते. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे त्यांना दिसले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते एक्सझेडपर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सर्व जाहीर केले. दोषी आवृत्त्या मोठ्या वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत अजून शिरल्या नव्हत्या.

त्यानंतर एक्सझेडचा प्रत्येक बदल नव्याने तपासला गेला, तेव्हा सीमेकसाठी लिहिलेल्या तपासणीत आणखी एक गोष्ट सापडली. ‘लँडलॉक’ ही लिनक्समधील एक सुरक्षा सोय आहे. प्रोग्रॅमने आपल्या मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून ती त्याला कुंपण घालते. ती यंत्रावर आहे का हे पाहण्यासाठी मॅकेंझी यांच्या काळापासून चालत आलेलीच रीत वापरली होती : काही ओळींचा इवलासा प्रोग्रॅम, कंपाइल झाला तर ‘आहे’, न झाला तर ‘नाही’. त्या ओळींमध्ये एका ओळीवर एकच टिंब होते. सी भाषेत एकट्या टिंबाला अर्थ नाही, त्यामुळे तो प्रोग्रॅम जगातील कोणत्याही यंत्रावर कंपाइल होऊ शकत नव्हता. तपासणी प्रत्येक वेळी निमूटपणे ‘नाही’ म्हणत होती आणि तेथे कुंपण घातले जात नव्हते. कॉलिन यांनी लगेचच ते टिंब काढून टाकले. दुरुस्तीच्या नोंदीत या तपासणीत घातपात झाल्याचे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे.